लंडनच्या कपाटासाठी माहेश्वरी की चंदेरी?

इंदूरहून लंडनला कामाला किंवा शिकायला निघालेल्या मुलीच्या बॅगेत साड्यांना फार तर चार-पाच घड्यांची जागा मिळते. २३ किलोंत कोट, बूट, कुकर, पुस्तकं आणि घरच्यांनी बांधून दिलेली शेव बसवायची असते. माहेश्वरी काय किंवा चंदेरी काय, दोन्ही साधारण अर्ध्या किलोच्या आत बसतात, त्यामुळे वजनावरून निवड होत नाही. तिथे गेल्यावर यातली कोणती साडी किती वेळा अंगावर येणार, यावरून ती करायची.

इंदूरच्या सीतलामाता बाजारात गादीवर दोन्ही शेजारी उलगडल्या तर चंदेरी बाजी मारते. तिची झळाळी, आरपार दिसणारं पोत, सोनेरी बुट्टी यांच्यापुढे माहेश्वरी साधी वाटते, आणि सोबत आलेली आत्या किंवा मामी हमखास चंदेरीकडे बोट दाखवते. लंडनमध्ये वर्षभर नेसायचं म्हटलं की हिशोब फिरतो. चार साड्या न्यायच्या असतील तर तीन माहेश्वरी आणि एक चंदेरी. एकच न्यायची असेल तर माहेश्वरी. मीटरवर कापड घ्यायचं असेल, तर मात्र चंदेरीकडे वळायला चांगली कारणं आहेत. ती पुढे येतील.

हा फरक आवडीनिवडीचा कमी आणि ताण्याच्या, म्हणजे उभ्या, धाग्याचा जास्त आहे. चंदेरीच्या उभ्या धाग्यात परंपरेने १३/१५ डेनियरचं कच्चं रेशीम असतं. म्हणजे ९ किलोमीटर लांबीच्या धाग्याचं वजन अवघं १३ ते १५ ग्रॅम. रेशमाच्या किड्याने कोष विणताना सोडलेला नैसर्गिक डिंक, ज्याला सेरिसिन म्हणतात, तो या धाग्यावरून काढून टाकत नाहीत. कच्च्या रेशमाच्या वजनात हा डिंक २० ते ३० टक्के असतो. त्याच्यामुळेच एवढा बारीक धागा मागावर टिकतो, आणि त्याच्यामुळेच चंदेरीला तो काचेसारखा पारदर्शकपणा आणि किंचित ताठपणा येतो. माहेश्वरीचा ताणा सहसा २०/२२ डेनियरचा, दुहेरी पिळाचा, डिंक उकळून काढून मग रंगवलेला. बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यात, बारीक सूत. म्हणून ती मऊ पडते, अंगाबरोबर वळते, आणि घडीवर लवकर तुटत नाही.

पुढचं जवळजवळ सगळं या डिंकातून निघतं.

आधी पाऊस. लंडनचा पाऊस इंदूरसारखा कोसळत नाही, भुरभुरतो, आणि छत्री असली तरी निऱ्यांवर व पदराच्या टोकावर थेंब येतातच. चंदेरीवर थेंब पडला की त्या जागचा डिंक हलतो आणि वाळल्यावर कडेला गोल डाग राहतो. फिक्या रंगावर, विशेषतः मोतिया, बदामी, फिकट गुलाबी यांवर, तो उजेडात स्पष्ट दिसतो. पुसायला जाल तर पसरतो. घासू नका, कोरड्या सुती रुमालाने नुसतं टिपा, आणि घरी आल्यावर तो भाग सपाट ठेवून वाळू द्या. माहेश्वरीवर तोच थेंब पडला तर बहुतेक वेळा वाळून जातो आणि मागे काही राहत नाही. ऑक्टोबर ते मार्च या काळात चंदेरी नेसून ट्यूबने जायचं असेल तर स्टेशनपासून मुक्कामापर्यंत चालायचं किती आहे, हे आधी पाहावं लागतं. माहेश्वरीला ही चौकशी लागत नाही.

दुसरी गोष्ट थंडीची. आतून थर्मल घालायचं तर चंदेरीत ते दिसतं. कातडीच्या रंगाचं पातळ थर्मल, परकर साडीच्या नेमक्या छटेचा आणि घोट्यापर्यंत पूर्ण लांबीचा, एवढं जुळवावं लागतं. माहेश्वरीत गडद रंग घेतला तर काळं थर्मल आणि काळे लेगिंग्ज चालून जातात. परकराबाबत एक पक्का सल्ला आहे, तो दोन्हींना लागू होतो: सॅटिनचा किंवा पॉलिएस्टरचा परकर नेऊच नका. हीटिंगमुळे घरातली आणि ऑफिसातली हवा कोरडी होते. नायलॉनचे मोजे, पॉलिएस्टरचा परकर आणि रेशमी साडी एकमेकांवर घासली की स्थिर वीज तयार होते, आणि चालताना निऱ्या पायांना चिकटतात. सुती पॉपलिनचे परकर इंदूरलाच शिवून घ्या, दोन गडद आणि एक फिका. नाडीऐवजी रुंद इलॅस्टिक टाकू नका, लोकरी कोटाखाली ते सरकतं.

कोटाचं अस्तर गुळगुळीत हवं. खरखरीत अस्तर चंदेरीच्या बुट्टीवर घासून जरीचं टोक वर काढतं. एकदा ते टोक वर आलं की बॅगेच्या पट्ट्याची कडी त्यात अडकते आणि धागा ओढला जाऊन आडवी रेघ पडते. रफू करणारे इंदुरात अजून भेटतात. लंडनमध्ये ते शोधावे लागतात आणि मजुरी ऐकून साडी तशीच कपाटात परत जाते. माहेश्वरीचं अंग बहुधा सपाट, पट्ट्यांचं किंवा चौकडीचं असतं. अडकायला फार काही नसतं.

एस्केलेटरवर दोन्ही साड्यांना सारखाच धोका. निऱ्या डाव्या हाताने दोन-तीन इंच उचलून धराव्यात आणि उजव्या बाजूला उभं राहावं. नेसतानाच काठ बुटाच्या टाचेपासून बोटभर वर ठेवला तर रस्त्यावरची ओलही लागत नाही.

धुण्याकडे जरा सविस्तर बघू, कारण सर्वांत जास्त साड्या तिथेच खराब होतात. लंडनचं पाणी जड आहे, चुनखडीतून येतं. किटलीत पांढरा थर बसतो तो त्याचाच. अशा पाण्यात साबणाचा फेस कमी होतो, म्हणून माणूस साबण वाढवतो, आणि तो उरलेला साबण रेशमावर बसून चमक मारतो. त्याहून घातक गोष्ट म्हणजे तिकडच्या दुकानातली साधी धुण्याची पावडर. तिथे पावडरी ‘बायो’ आणि ‘नॉन-बायो’ अशा दोन जातींच्या मिळतात. बायोमध्ये प्रथिनं पचवणारी एन्झाइम्स असतात, अन्नाचे आणि रक्ताचे डाग काढण्यासाठी. रेशीम स्वतःच प्रथिन आहे. बायो पावडरीत भिजवलेली साडी पहिल्या धुण्याला ठीक दिसेल, पण धागा आतून कमजोर होतो आणि पुढे घडीवर विरते. नॉन-बायो त्यापेक्षा बरी, तरी ती अल्कलीयुक्त असते. रेशीम आणि लोकर यांच्यासाठीचं वेगळं द्रव डिटर्जंट घ्या. बादलीभर गार पाण्याला एक छोटा चमचा पुरतो.

माहेश्वरीची पहिली धुलाई अशी. पांढरा सुती कपडा ओला करून काठाच्या आतल्या बाजूला, पदराच्या टोकाला आणि अंगावर, अशा तीन जागी मिनिटभर दाबून ठेवा. रंग उतरला तर घरी धुऊ नका, ड्रायक्लीनला द्या. सगळ्यांत जास्त फसवतो तो गडद काठ आणि फिकं अंग असा जोड, कारण अंग पक्कं असतं आणि काठ सुटतो. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो, ही घरोघरची समजूत. एकदा कापडावर चढलेला कच्चा रंग मीठ बांधून ठेवत नाही. रंग उतरत नसेल तर साडी सैल घडीत बादलीत पाच मिनिटं, जास्त नाही, वरखाली करा आणि दोन पाण्यांतून काढा. साडीला जरीकाम नसेल तर शेवटच्या पाण्यात, चार-पाच लिटरला एक चमचा पांढरं व्हिनेगर टाकलं तर साबणाचा अंश निघतो. जरीकाम असेल तर व्हिनेगर टाळा. हल्लीच्या बहुतेक जरीत तांब्याचा अंश असतो आणि आम्लाने ती काळवंडते. पिळायचं नाही. जाड टॉवेलवर पसरायची, टॉवेलसकट गुंडाळायची, दाबायची आणि उलगडायची. मग बाथरूमच्या आडव्या दांडीवर चौपदरी टाका. तारेवर टाकलीत तर ओल्या रेशमावर तारेचा वळ बसतो, आणि रेडिएटरवर टाकलीत तर पिवळी पडते. ड्रायरचं नाव काढू नका.

चंदेरी घरी धुवायचीच नाही. धुतली तर डिंक सुटतो आणि तिचं ताठ, हवेशीर अंग लुळं पडतं. ते परत आणता येत नाही, खळ घालूनही नाही. म्हणजे प्रत्येक वेळी ड्रायक्लीन, आणि लंडनच्या दरात ते वर्षातून एकदा परवडतं. मधल्या काळात नेसून झाल्यावर रात्रभर सावलीत वारा द्या, काखेकडचा आणि कमरेकडचा भाग तपासा. इस्त्री उलट्या बाजूने, मध्यम तापावर, वर पातळ सुती कापड ठेवून. वाफेचं बटण बंद. इस्त्रीतून पाण्याचा एक थेंब गळला तरी पावसाची गोष्ट परत घडते.

आता दिसण्याबद्दल. लंडनच्या करड्या उजेडात फिके रंग मरतात. चंदेरीचे मोतिया, पिस्ता, फिकट निळा हे रंग मध्य प्रदेशाच्या उन्हासाठी जन्माला आले आहेत. ढगाळ दुपारी ऑफिसच्या पांढऱ्या दिव्याखाली ते धुतल्यासारखे दिसतात. माहेश्वरीचे जुने रंग, म्हणजे डाळिंबी, गुलबक्षी, अंगुरी, जांभळा, तपकिरी, त्याच उजेडात उठून येतात. करड्या किंवा काळ्या कोटातून गुलबक्षी काठाची दोन बोटं बाहेर दिसली तरी पोशाख पूर्ण होतो. शिवाय माहेश्वरीची रचना सरळ रेषांची आहे: महेश्वरच्या किल्ल्यावरच्या आणि घाटावरच्या कोरीव कामातून आलेले विटेचे, चटईचे, हिऱ्याचे नमुने, आणि पदरावर पाच पट्टे. साध्या शिवणीच्या ब्लेझरबरोबर, पोलो नेकबरोबर, चामड्याच्या बुटांबरोबर या रेषा जुळतात. फुलापानांच्या बुट्टीची चंदेरी ब्लेझरखाली गोंधळते.

दोन जगांचा पोशाख एकाच माणसाला शोभतो, हे इंदूरने फार आधी पाहिलेलं आहे. इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या दशकात एकार्ट मुथेसिउस या जर्मन वास्तुविशारदाकडून आपला माणिकबाग राजवाडा सजवून घेतला, आणि पॅरिसच्या बर्नार्ड बुते द मोनवेल या चित्रकाराने त्यांची दोन चित्रं रंगवली, एक पाश्चात्त्य संध्याकाळच्या पोशाखात आणि दुसरं मराठा दरबारी वेषात. दोन्हींत रेषा तितकीच स्वच्छ आहे. माहेश्वरीवर बूट घालायला कचरणाऱ्या मुलींनी ही चित्रं जरूर बघावीत.

माहेश्वरीचा आणखी एक गुण दुकानदार सांगतो पण आपण मनावर घेत नाही: बुगडीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा. वाऱ्याने पदर उलटला, चालताना निरीची आतली बाजू दिसली, तरी काही बिघडत नाही. एका बाजूला डाग पडला तर फॉल उसवून साडी उलटी करून नेसता येते. भाड्याच्या छोट्या घरात चार साड्यांवर वर्ष काढायचं, तेव्हा हा गुण एका जादा साडीइतका कामाला येतो.

तरीही एक चंदेरी न्याच. संध्याकाळी, पिवळ्या दिव्यांत, नाटकाला किंवा कुणाच्या लग्नाच्या जेवणाला, चंदेरी जशी दिसते तशी माहेश्वरी दिसत नाही. तिथे तिचा कच्च्या रेशमाचा चमकदारपणा दिव्याचा प्रकाश उचलतो. ही एक साडी मध्यम गडद रंगात घ्या, बुट्टी लहान अशर्फीची, म्हणजे नाण्याच्या आकाराची, आणि विरळ, काठ अरुंद. कोरड्या दिवशी, घरापासून दारापर्यंत गाडीने, एवढीच तिची अट.

मीटरवरच्या कापडात चंदेरी पुढे जाते ती खिडकीपाशी. लंडनच्या घरांत समोरच्या घराची खिडकी जवळ असते, आडोसा हवा असतो आणि उजेड तर अजिबात गमवायचा नसतो. चंदेरीचा पातळ पडदा दोन्ही साधतो. खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट ते अडीचपट कापड धरा, खाली चार इंचांची दुमड ठेवा. दक्षिणेकडच्या खिडकीला मात्र रेशीम लावू नका, ऊन धाग्याला कुजवतं आणि दोन-तीन उन्हाळ्यांत पडदा दुमडीवर फाटतो. तिथे सुती चंदेरी घ्या. तीही मिळते, स्वस्त पडते आणि घरी धुता येते.

कुर्ता शिवायचा असेल तर परत माहेश्वरी. चंदेरीचा धागा गुळगुळीत आणि वीण विरळ, त्यामुळे खांद्यावर आणि काखेत ताण आला की शिवण फाकते. टाका शाबूत राहतो, पण त्याच्या शेजारचे धागे सरकून जाळी दिसते. चंदेरीचाच हवा असेल तर पूर्ण मलमलचं अस्तर, पाऊण इंच माया, बारीक सुई आणि थोडा सैल बेत. माहेश्वरीला ४४ इंच पन्ह्यात अडीच मीटर पुरे, अर्ध्या अस्तरावर काम होतं. सहकाऱ्यांना भेट द्यायला माहेश्वरीचे स्टोल न्या: गळ्याभोवती मऊ बसतात आणि कोटाच्या आत मावतात.

गणपतीत नऊवार नेसायची असेल तर यावर फार विचार नको, माहेश्वरीच. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं आहे आणि गणेशोत्सवात नऊवारीला निमित्त आपसूक मिळतं. काष्ट्याचा ताण गुडघ्यावर आणि बैठकीवर येतो, तो चंदेरी सोसत नाही. दुकानांत सहावारीच जास्त असते, म्हणून महेश्वरला मागावर सांगून सव्वाआठ मीटरची विणून घ्या, आणि निघण्याच्या निदान दोन महिने आधी सांगा.

महेश्वर इंदूरहून ९० किलोमीटरच्या आसपास, सकाळी पोहे खाऊन निघालं तर संध्याकाळी परत. अहिल्याबाईंनी राजधानी तिथे नेली आणि विणकरांना वसवलं. रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस विणकरांसाठी सुरू केलेली रेवा सोसायटी ही संस्था किल्ल्याजवळच आहे, तिथे माग चालताना बघायला मिळतो. चंदेरी गाव अशोकनगर जिल्ह्यात, इंदूरहून बरंच लांब. ग्वाल्हेरचे लोक तिकडे सहज जातात, आपल्याला इंदुरातच मृगनयनी या सरकारी हातमाग दुकानात किंवा ओळखीच्या दुकानात बघावं लागतं. म्हणून फसवणूक चंदेरीत जास्त होते. ‘चंदेरी सिल्क’ म्हणून यंत्रमागावरचं पॉलिएस्टर गठ्ठ्यांनी विकलं जातं.

ओळखायचं असं. साडी उलटी करून बुट्टी बघा. हातमागावर प्रत्येक बुट्टी वेगळ्या तिल्लीने, म्हणजे धागा गुंडाळलेल्या छोट्या काडीने, भरलेली असते, धागा तिथल्या तिथे वळतो. यंत्रमागावर धागा एका बुट्टीपासून दुसरीपर्यंत लांबत जातो आणि नंतर कापतात, त्यामुळे मागे कातरलेली टोकं हाताला लागतात. काठाच्या कडेला ठरावीक अंतरावर बारीक भोकं दिसली तर ती पन्ह्याचा ताण धरणाऱ्या कांबेची असतात, चांगलं लक्षण. पदराच्या गोंड्यातले दोन धागे दुकानदाराला विचारून काढा आणि जाळा. रेशीम केसासारखा वास देतं आणि राख चुरगळते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. चंदेरीला २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, माहेश्वरीलाही आहे. हँडलूम मार्क आणि सिल्क मार्कचं लेबल मागायला संकोच नको.

लंडनमध्ये कपड्यांना लागणारी कसर हा मोठा त्रास आहे. तिच्या अळ्या लोकर खातात, आणि रेशीम मळलेलं असेल तर तेही. म्हणून साडी नेसलेली, घाम लागलेली अशी कधीच आत ठेवू नका. मलमलच्या पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये नको. डांबराच्या गोळ्या जरीजवळ नकोत. कसर लागल्याचा संशय आला तर साडी प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि घरच्या फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर, दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस बंदच राहू द्या, नाहीतर हवेतली ओल साडीवर जमेल. माहेश्वरी तीन महिन्यांनी घडी बदलून ठेवली की पुरतं. चंदेरीला घडी नकोच, कारण डिंकाचा ताठ धागा एकाच रेघेवर वारंवार मोडला की तुटतो. पुठ्ठ्याच्या नळीवर मलमल गुंडाळून त्यावर साडी गुंडाळा. इंदुरात निघण्याआधी पॉलिश किंवा खळ करून घेऊ नका, खळीच्या वासावर कपाटात चांदीकिडे येतात.

शिवणकाम सगळं इथेच उरका, तिकडे फॉल-पिको सहज होत नाही. फॉल आणल्याबरोबर टेलरकडे देऊ नका. तो सुती असतो, पहिल्याच पाण्यात आटतो आणि साडीचा काठ चुण्या पडून वर ओढला जातो. आधी रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा, इस्त्री करा, मग लावायला द्या, आणि मशीनवर नव्हे तर हाताने, लांब टाक्यांनी. माहेश्वरीला उलटी नेसण्याची सोय ठेवायची असेल तर हे टाके सुटे करायला सोपे पडतात. पोलकी तीन पुरतात: काळं, मोतिया आणि गर्द डाळिंबी, त्यातलं एक पूर्ण बाह्यांचं. बाजूच्या शिवणीत दीड इंच माया सोडायला सांगा, कारण थर्मल घातल्यावर माप वाढतं. लग्नसराईत टेलर तीन आठवडे घेतो, म्हणून व्हिसा आला की पहिली फेरी त्याच्याकडे.